आधी जुना टायर वाचा

आलिशान सेडान आता सेकंडहँड घेता येते. काही वर्षांत तिची किंमत निम्म्यावर येते आणि पगारदार माणूसही हिंमत करतो. पण गाडी जुनी झाली म्हणून तिचे टायर स्वस्त होत नाहीत. ते नव्या गाडीच्याच भावात घ्यावे लागतात, आणि बहुधा चारही एकदम. माझ्या बीएमडब्ल्यू ३२० डीचे टायर बदलायची वेळ आली तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी मिशेलिनशिवाय दुसरं नाव घेईना, कुणी म्हणे काँटिनेंटल, आणि एकानं तर फोनवरच भाव ठरवून टाकला. पुण्यात सातारा रस्त्यावरच्या दुकानातले मिस्त्री तेवढे ब्रँडबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. "जुने उतरवू आधी," म्हणाले, "मग बोलू."

चारही चाकं उतरवून भिंतीला ओळीनं लावली गेली. मिस्त्री आधी टायर नुसता बघत नाहीत, तळवा नक्षीवरून फिरवतात, एकदा आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेनं हात सरकतो आणि उलट दिशेनं टोचतं, तेव्हा नक्षीच्या ठोकळ्यांना करवतीसारखे दाते पडलेले असतात. म्हणजे चाक नाकासमोर न धावता किंचित तिरकं घासत गेलेलं असतं. गॅरेजच्या भाषेत 'टो' बिघडलेला. माझ्या पुढच्या दोन्ही टायरांचं तेच झालं होतं. "आवाज येत होता ना साठ-सत्तरला? घूं घूं असा?" येत होता, आणि मी तो बेअरिंगचा समजत होतो.

मागच्या टायरांची बाहेरची बाजू बघून कुणीही म्हणालं असतं, अजून वर्षभर काढतील. मिस्त्रींनी टायर आडवा केला आणि आतली कड दाखवली. तिथली नक्षी जवळजवळ संपली होती. खोबणीत मध्ये मध्ये रबराचा आडवा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. तो कुठे आहे हे कळावं म्हणून टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. झीज त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला, कायद्यानंसुद्धा. नव्या टायरची खोबण साधारण आठ मिलिमीटर खोल असते. पण आठापासून १.६ पर्यंतचा सगळा प्रवास सारखा सुरक्षित नसतो. तीन मिलिमीटरच्या आसपास आल्यावर साचलेलं पाणी बाजूला फेकायला खोबण पुरेनाशी होते, आणि भर पावसात वेगात असलेली गाडी पाण्यावर तरंगू लागते. आपल्याकडे ज्यांचे टायर मेमध्ये 'चालतील असे' वाटतात, त्यांनी जूनचा विचार करावा तो एवढ्यासाठी.

आतली कड झिजायचं कारणही मिस्त्रींनी उलगडून सांगितलं. या गाडीची मागची चाकं वरून किंचित आत कललेली असतात. वळणावर पकड राहावी म्हणून कंपनीनंच तसं ठेवलेलं असतं. नुसत्या त्या कलण्यानं, म्हणजे कॅम्बरनं, टायर इतका खात नाही. त्यात टो बिघडला, की मग आतली कड भराभर जाते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत राहिला, तर हवा कमी ठेवलेली असते. मधलाच पट्टा गेला तर हवा जास्त. नक्षीत ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगकडे बघायचं. हा सगळा हिशेब दुकानातल्या कुठल्याही बोर्डावर नसतो, पण टायरवर असतो.

शिवाय पुढच्या डाव्या टायरच्या बगलेला फुगा आला होता. लिंबाएवढा. डावी चाकं रस्त्याच्या कडेला असतात, गटारांची झाकणं आणि तुटलेल्या कडा तीच झेलतात. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये टायरची बगल चिमटते, आतले धागे तुटतात आणि हवा तिथून रबर बाहेर ढकलते. पंक्चर काढता येतं, फुगा काढता येत नाही. असा टायर हायवेवर कधी फुटेल याचा नेम नसतो.

इतकं बघून झाल्यावर निवडीचा प्रश्न निम्मा सुटला होता. गाडीचा रोजचा रस्ता शहरातला, खड्ड्यांचा. मधूनमधून कोल्हापूर, कधी समृद्धी. शर्यतीत पळवायची नाही. तेव्हा पहिला प्रश्न ब्रँडचा नव्हताच. पुन्हा रनफ्लॅट घ्यायचे की साधे, हा होता.

रनफ्लॅट टायरची बगल जाड, कडक रबराची असते. हवा पूर्ण गेली तरी ती गाडीचं वजन पेलते, आणि ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं. म्हणूनच अशा बऱ्याच गाड्यांच्या डिकीत स्टेपनी नसते. टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल, असं केंद्र सरकारनंही २०२० मध्ये नियमांत बदल करून मान्य केलं. रात्री आडरानात, बायकामुलं बरोबर असताना चाक बदलायला उतरावं लागत नाही, ही सोय थोडीथोडकी नाही.

पण जी बगल हवा गेल्यावर वजन पेलते, तीच हवा असतानाही लवत नाही. खड्ड्याचा दणका रबर शोषत नाही, तो रिमला आणि सस्पेन्शनला जातो. मॅग व्हील वाकण्याच्या, तडकण्याच्या तक्रारी त्यातूनच येतात. वजन जास्त, किंमतही साध्यापेक्षा बरीच चढी. पंक्चर झाल्यावर किती अंतर, किती वेगानं धावला हे कळत नसल्यानं बरेच दुकानदार तो दुरुस्त करायलाच तयार नसतात. मी साधे घ्यायचं ठरवलं, चारही. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे अशी खिचडी करू नये, कारण दोन्हींची लवचीकता वेगळी आणि गाडी वळणावर बुचकळ्यात पडते. त्याबरोबर डिकीत बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट ठेवायचं. जो माणूस रात्री-अपरात्री एकट्यानं लांबचा प्रवास करतो, त्यानं उलट निर्णय घेतला तर तोही बरोबरच.

मग साइज. माझ्या टायरवर लिहिलं होतं: २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, बगलेची उंची त्या रुंदीच्या ५० टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. ९४ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरला ६७० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. शेजारी एक छोटी चांदणी असते. हा टायर बीएमडब्ल्यूनं तपासून मान्य केलेला आहे, एवढाच तिचा अर्थ. मर्सिडीजसाठी 'एमओ', ऑडीसाठी 'एओ' अशी अक्षरं असतात. ही खूण असली तर उत्तम, नसली तर टायर वाईट असं नाही. वजनाचा आणि वेगाचा निर्देशांक मात्र गाडीला ठरवून दिलेल्यापेक्षा खाली उतरू द्यायचा नाही. "आपण कुठे २७० नं जातो?" हा युक्तिवाद दुकानात नेहमी ऐकू येतो. पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात, समृद्धीच्या काँक्रीटवर, सतत १२० नं जाताना प्रश्न उष्णतेचाच असतो.

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे एक साइज वर जा, २२५/५५ टाका, खड्ड्यांत बरं पडतं. बगल उंच झाल्यानं गाडी मऊ चालते हे खरं. पण गणित करून बघितलं. मूळ टायरचा व्यास ६५६.८ मिलिमीटर, ५५ चा ६७९.३. म्हणजे जवळजवळ साडेतीन टक्के वाढ. काटा १०० दाखवतो तेव्हा आधीपेक्षा गाडीचा वेग ताशी जवळजवळ साडेतीन किलोमीटरनं जास्त असतो, किलोमीटरची नोंद कमी पडते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर रबर आतल्या प्लॅस्टिकला घासायची शक्यता वाढते. मूळ साइजच ठेवली. रनफ्लॅट गेला की मऊपणा तसाही येतो.

आता कुठे ब्रँड. दुकानदार काउंटरवर सांगतो ती नावं आणि मालिका दोन घराण्यांत पडतात. एकीकडे पकडीला आणि वळणाला अग्रक्रम देणारे, जसे मिशेलिनचा पायलट स्पोर्ट. दुसरीकडे शांतपणा आणि आरामाला, जसे मिशेलिनचाच प्रायमसी, काँटिनेंटलचा अल्ट्राकाँटॅक्ट, ब्रिजस्टोनचा टुरान्झा, योकोहामाचा ॲडव्हान डीबी. डीबी म्हणजे डेसिबलच. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून 'कुठली कंपनी?' याआधी 'कुठली मालिका?' विचारायचं. माझा रस्ता बघता दुसरं घराणं ठरलं, आणि त्यात जो ताजा माल मिळेल तो.

ताज्या मालाची गोष्ट महत्त्वाची. सरकारनं जून २०२० मध्ये टायरची आयात खुल्या यादीतून काढून परवान्याखाली आणली, तेव्हा आलिशान गाड्यांच्या साइजची बाजारात चणचण झाली होती. अजूनही अशा साइज प्रत्येक दुकानात असतातच असं नाही, आणि जिथं असतात तिथं कधी कधी बराच काळ रॅकवर पडून असतात. बगलेवर 'डॉट' या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायर जमिनीवर ठेवून चारही तारखा बघितल्या. तीन एका वर्षाचे होते, चौथा दोन वर्षं जुना. "बसवल्यावर काही कळत नाही हो," दुकानदार म्हणाला. मिस्त्रींनी काही न बोलता तो टायर बाजूला लोटला आणि पोऱ्याला गोडाउनमध्ये पिटाळलं. आयएसआय शिक्काही बघून घ्यायचा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टायरला तो लागतो, आयात केलेल्यालाही. भावात आता एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनी यादी दाखवणाऱ्याला त्याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

बसवण्याचं काम बघण्यासारखं असतं. यंत्राचा जबडा टायरची कड रिमपासून सुटी करतो. रनफ्लॅट सुटताना यंत्र कण्हतं, एक जण वरून दाब देणारा दांडा धरून असतो. रिम पुसून तिच्या काठाला साबणासारखी पेस्ट लावली जाते. बगलेवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा सर्वांत हलका भाग, मिस्त्री तो व्हॉल्व्हसमोर आणतात. व्हॉल्व्ह नवे घालतात. हवा भरताना कड रिमच्या खाचेत बसते तेव्हा दोनदा मोठ्ठा 'फट्' आवाज होतो, आणि तो ऐकून नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. मग बॅलन्सिंग. चाक फिरतं, पडदा ग्रॅम दाखवतो, आणि मॅग व्हीलच्या आतल्या बाजूला चिकटवायची पट्टी लागते. एका चाकाला जरा जास्तच वजन मागितलं गेलं, तेव्हा मिस्त्रींनी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला आणि आकडा निम्म्यानं उतरला. गाडीचे बोल्ट आधी हातानं लावून, शेवटी टॉर्क पान्ह्यानं आवळले. वाऱ्याच्या गननं सरसकट आवळलेला बोल्ट पुढे रस्त्यात सोडवू गेलं तर सुटत नाही, हा अनुभव अनेकांना असेल.

हवा किती, तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना. हवा बघणारी यंत्रणा नव्यानं रीसेट करायची. पहिले काहीशे किलोमीटर जोरात ब्रेक, जोरात वळण टाळायचं, कारण नव्या रबराचा वरचा तुळतुळीत थर घासून जावा लागतो.

सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. पुढे टो, मागे टो आणि कॅम्बर दोन्ही. आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घेतला. मिस्त्री म्हणाले, दहापैकी सहा-सात गिऱ्हाइकं इथूनच परत फिरतात. टायरला पन्नास हजारांच्या वर मोजतात आणि अलाइनमेंटचे हजार-दोन हजार ऐकून म्हणतात, 'गाडी तर सरळ चाललीय.' त्यांची आतली कड पुन्हा तशीच जाते, आणि मग ते दुकानात येऊन सांगतात की या कंपनीचा टायर काही खरा नाही, यावेळी दुसरी कंपनी दाखवा.