फ्रिजमधला वायू आणि महोगनीचा पंख

मागच्या भागात फ्लटर म्हणजे काय ते पाहिलं. पंख वरखाली वाकतो, त्याच वेळी पिळलाही जातो. एका ठरावीक वेगाला या दोन हालचालींचा ताल असा जुळतो, की पंख वाऱ्यातूनच ऊर्जा ओढू लागतो. झोका परत आला रे आला, की कुणीतरी नेमका धक्का द्यावा तसं. मग पंख तुटायला काही सेकंद पुरतात.

ध्वनीच्या वेगाजवळ हे प्रकरण जास्तच चिघळतं. पंखावरची हवा काही ठिकाणी ध्वनीहून वेगाने वाहते, काही ठिकाणी हळू आणि मध्ये आघात-तरंग उभा राहतो. पंख हलला की हा तरंगही मागेपुढे सरकतो, पण किंचित उशिरा. घात करतो तो हा उशीर. कागदावरची जुनी गणितं इथेच लंगडी पडायची, म्हणून पवनबोगदा हवा.

पण बोगद्यात ठेवायचं काय? पोलादाचा भक्कम नमुना हलणारच नाही. खऱ्या पंखाचं वजन आणि भोवतालच्या हवेचं वजन यांचं प्रमाण नमुन्यातही तेच राहिलं पाहिजे, आणि त्या हिशेबाने नमुना इतका हलका करावा लागतो की बनवणाऱ्याने डोक्याला हात लावावा. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नासाच्या लँगली केंद्राने उलटा विचार केला: नमुना हलका होत नसेल, तर हवाच जड करा! १९६० मध्ये सुरू झालेल्या तिथल्या १६ फुटी चौकोनी बोगद्यात फ्रिऑन-१२ भरायची सोय होती. हो, तोच पूर्वीच्या फ्रिजमधला वायू. हवेच्या चौपट जड, आणि त्यात ध्वनीचा वेग हवेतल्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे बोगद्यात वारा घालणारा पंखाही सावकाश फिरवायचा, वीजही वाचली. (ओझोनच्या काळजीने पुढे १९९०च्या दशकात तिथे दुसरा वायू आला.)

तिथेच तपासलेला एक पंख या विषयातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. महोगनीचे थर चिकटवून केलेला, ४५ अंश मागे झुकलेला, अडीच फूट लांब, वजन दोन किलोहून कमी. तो फारच ताठ निघाला, म्हणून त्याला आरपार भोकं पाडली आणि आकार बिघडू नये म्हणून ती फोमने बुजवली. सुतारकामाची ही युक्ती मला कुठल्याही समीकरणाहून जास्त आवडते.

हा पंख हवेत आणि फ्रिऑनमध्ये, दोन्हींत तपासला गेला. हवेतले आकडे बघा. वेग, ताठरपणा आणि वजन एकत्र करून फ्लटरचा एक निर्देशांक काढतात. तो जितका कमी, तितका फ्लटर लवकर. माक ०.५ला, म्हणजे ध्वनीच्या निम्म्या वेगाला, तो ०.४४६ होता, ०.९५ला घसरून ०.३०६ झाला, आणि १.१४ला पुन्हा ०.४०३वर चढला. ही मधली दरी, म्हणजे इंजिनीयरांचा ‘ट्रान्सॉनिक डिप’. तिच्या तळाशी खरी परीक्षा.

फ्लटर सुरू झाला की हाताशी वेळ नसतो. म्हणून बोगद्याला बगलमार्गाच्या झडपा आहेत. त्या झटक्यात उघडल्या की नमुन्यावरचा वाऱ्याचा जोर उतरतो. तरीही तुकडे उडालेच, तर ते मोठ्या पंख्याच्या पात्यांवर जाऊ नयेत म्हणून वाटेत जाळी.

निकाल १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लटरचा नवा प्रोग्रॅम लिहिणारा आजही आधी या लाकडी पंखावर हात आजमावतो. ध्वनीवेगाखाली उत्तरं बरी जुळतात. पलीकडे मात्र बरेच प्रोग्रॅम फ्लटर खऱ्यापेक्षा उशिरा होईल असं सांगतात, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला.

पुढच्या आठवड्यात: लॉकहीड इलेक्ट्राची दोन विमानं हवेतच का मोडली?