तेहतिसावी पट

प्रकाशाचा स्पंद त्याच्या एका आवर्तनाहून फारसा आखूड करता येत नाही. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचे आवर्तन ३.५ फेम्टोसेकंदांचे. अणूतील इलेक्ट्रॉनची हालचाल टिपायला आपल्याला हेही फार लांब पडते. म्हणून तरंगलांबीच आखूड हवी.

१९८७ मध्ये फ्रान्समध्ये ॲन लुइलिए व सहकाऱ्यांनी असा लेसर आर्गॉन वायूत सोडला. त्यातून मूळ वारंवारतेच्या विषम पटी निघाल्या, थेट ३३ पर्यंत. १०६४ ला ३३ ने भागू : सुमारे ३२ नॅनोमीटर, म्हणजे अतिनीलाचेही टोक!

हे कसे घडते? लेसरचे विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला अणूतून खेचते, दिशा पालटताच परत आणते. वाटेत कमावलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. २००१ मध्ये अशा प्रकाशाचे २५० ॲटोसेकंदांचे, म्हणजे पाव फेम्टोसेकंदाचे, स्पंद मोजले गेले. आता इलेक्ट्रॉन आपल्या टप्प्यात आला.