मारेकऱ्यांचा कॅमेरा, मुलांचा कॅमेरा : कंबोडियाची फिरती छायाचित्रे

कंबोडिया म्हटले की आपल्यासमोर अंगकोरचे दगडी चेहरे आणि केशरी चिवरातील भिक्खू येतात. धम्मसहलींच्या जाहिरातींतही हेच असते. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथल्या तरुण छायाचित्रकारांची जी प्रदर्शने देशोदेशी फिरली, त्यांतल्या आम्हाला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामांत यातले काहीच नाही. तिथे आहेत तळी, किटल्या आणि वाळूने भरलेले तलाव. हे असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली आणि सारे शहर रिकामे करवले. जानेवारी १९७९ पर्यंतच्या त्यांच्या राजवटीत उपासमार, सक्तीची मजुरी, आजार आणि कत्तली यांत १५ ते २० लाख माणसे गेली, म्हणजे देशातील जवळपास दर चार-पाच माणसांमागे एक. बहुसंख्य जनता बौद्ध असलेल्या या देशात भिक्खूंना चिवर उतरवायला लावले, विहारांची कोठारे आणि तुरुंग झाले. घरात जुना फोटो सापडणेही धोक्याचे होते. तुम्ही शिकलेले, शहरी किंवा जुन्या सरकारच्या नोकरीतले आहात, याचा तो पुरावा ठरे. लोकांनी फोटो फाडले, जाळले, काहींनी लपवले.

अशा काळात पद्धतशीर फोटो काढत होते ते मारेकरीच. नॉम पेन्हमधील एका शाळेचा त्यांनी एस-२१ नावाचा छळतुरुंग केला. आज तिथे तुओल स्लेंग संग्रहालय आहे. आत आणलेल्या किमान १२ हजार कैद्यांपैकी जवळजवळ कोणीच वाचले नाही. प्रत्येकाचा आधी फोटो काढला जाई. फोटो काढणाऱ्यांपैकी न्हेम एन तर किशोरवयीन होता.

१९९० च्या दशकात दोन अमेरिकी छायाचित्रकारांनी या हजारो निगेटिव्ह स्वच्छ करून त्यांचे ठसे काढले. काम मोलाचे होते. पण १९९७ मध्ये त्यातले निवडक फोटो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भिंतीवर लागले, तेव्हा बहुतेक चेहऱ्यांना नाव नव्हते. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस मारेकऱ्याच्या नजरेतून दिसत होता आणि पाहणारा त्याकडे कलाकृती म्हणून पाहत होता. यावर तेव्हाही टीका झाली, आणि आमच्या मते ती योग्यच होती.

पुढच्या पिढीने वेगळा रस्ता धरला. १९८० मध्ये जन्मलेल्या वांडी रत्तानाने २००९ साली ‘बॉम्ब पॉन्ड्स’ ही मालिका केली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात १९७३ पर्यंत अमेरिकेने कंबोडियाच्या ग्रामीण भागावर बॉम्ब टाकले. त्यांनी पडलेल्या खड्ड्यांत पाणी साचून गोल तळी झाली. फोटोत हिरवे शेत आणि शांत पाणी एवढेच दिसते. सोबतच्या चित्रफितीत गावकरी काय घडले ते स्वतःच्या तोंडून सांगतात. ही मालिका २०१३-१४ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाच्या ‘नो कंट्री’ या फिरत्या प्रदर्शनातून न्यूयॉर्क, हाँगकाँग आणि सिंगापूरला गेली. ज्या देशाने बॉम्ब टाकले, त्याच देशातील लोकांसमोर ही तळी उभी राहिली. प्रदर्शन फिरते असण्याचा अर्थ इथे नीट कळतो.

किम हाकचा जन्म १९८१ चा, म्हणजे राजवट कोसळल्यानंतरचा. ‘अलाइव्ह’ या त्याच्या मालिकेत माणसे नाहीत, वाचलेल्यांनी सांभाळून ठेवलेल्या वस्तू आहेत. भांडे, कपडा, लपवून जपलेला कौटुंबिक फोटो, आणि प्रत्येकीबरोबर ती कोणाची व कशी वाचली ही हकीकत. कंबोडियातून सुरू झालेले हे काम ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गेले, तेव्हा हाकने तिथे निर्वासित म्हणून स्थायिक झालेल्या कंबोडियन कुटुंबांच्या वस्तूंचेही फोटो काढले. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी प्रदर्शन वाढत जाते. एस-२१ च्या फोटोंत चेहरा होता पण माणूस हरवला होता. इथे चेहरा नसून माणूस सापडतो.

हे छायाचित्रकार आकाशातून पडले नाहीत. २००५ पासून सिएम रीपच्या अंगकोर फोटो महोत्सवात आशियातील नवोदितांना विनाशुल्क कार्यशाळा मिळू लागल्या. २००७ मध्ये वांडी आणि मित्रांनी स्तीव सेलापाक हा गट काढला. त्याचा अर्थ साधारण ‘कलेतले बंडखोर’. या गटाने २०१० मध्ये नॉम पेन्हच्या ‘व्हाइट बिल्डिंग’ या जुन्या, मोडकळीस आलेल्या वसाहतीत वर्ग सुरू केले. रहिवाशांना हलवून ती इमारत २०१७ मध्ये पाडण्यात आली. शहरातील तलाव वाळूने भरून कुटुंबे हुसकावली जात होती, तेव्हा याच गटातला ख्वाय सम्नांग तलावाच्या पाण्यात उभा राहून स्वतःच्या डोक्यावर बादलीभर वाळू ओतून घेत असे आणि त्याचा फोटो प्रदर्शनात लावत असे. बुलडोझरच्या काळात हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडे पाहू. अत्याचाराची घटना घडली की मृतदेहाचा फोटो तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. संताप खरा असतो, पण बरेचदा तो फोटो पोलिसांनी किंवा खुद्द हल्लेखोरांनीच काढलेला असतो, आणि कुटुंबाला कोणी विचारलेले नसते. फोटो फिरवूच नका, असे आम्ही म्हणत नाही. पुरावा दडपला जाऊ नये म्हणून कधी तेही करावे लागते. पण आपले दुःख आपणच, आपल्या नजरेने मांडण्याचीही परंपरा आहे. मुंबईच्या सफाई कामगारांवरील सुधारक ओलवे यांचे काम याच वाटेवरचे.

१९५६ ची धम्मदीक्षा स्वतः पाहिलेले आजी-आजोबा आता थोडेच उरले आहेत. १९७८ मध्ये मराठवाड्यात नामांतराच्या वेळी ज्यांची घरे जळाली, त्यांतले तेव्हाचे तरुणही आता सत्तरीच्या आसपास आहेत. दीक्षेची पांढरी साडी, जळक्या घरातून काढलेला हंडा, बाबासाहेबांचा कडा करपलेला फोटो अशा वस्तू अजून कोणाच्या तरी पेटीत असतील. एक काळे कापड, खिडकीचा उजेड आणि मोबाईल एवढ्यावर काम सुरू होते. वस्तू घरातून हलवू नका, फोटो तिथेच काढा. मालकाची परवानगी घ्या, नाव-गाव लिहा, हकीकत त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा आणि छापलेली पहिली प्रत त्यांना द्या. पहिले प्रदर्शन त्याच वस्तीच्या विहारात लावा. शहरातल्या कलादालनाचे नंतर पाहू.