अब्बांच्या बुलेटचे मीटर

माझ्या अब्बांनी १९८४ साली एक बुलेट मोटारसायकल घेतली. तेव्हा ते मालेगावात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणे हे त्यांचे काम. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेले, तरी त्यांचे कान तिखट होते. चालत्या मागाचा आवाज ऐकून ते कोणता भाग सैल झाला आहे, हे सांगत असत. बुलेटवर त्यांचा फार जीव. दर वेळी पेट्रोल भरले, की किती लिटर भरले आणि मीटरवर किती किलोमीटर झाले, हे ते एका छोट्या वहीत उर्दूत लिहून ठेवत.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. बुलेटला किक मारणे जमेना. गाडी माझ्याकडे आली आणि वहीही आली.

गाडी उत्तम होती. पण स्पीडोमीटरचा काटा सारखा थरथरत असे. उर्दूत आपण जिला सुई म्हणतो, तिला मराठीत काटा म्हणतात. घड्याळाचा काटा, तसा मीटरचा काटा. आमचा काटा कधी ३० दाखवी, तर पुढच्याच क्षणी ५०. मी बाजारात गेलो. दुकानदाराने एक नवे मीटर काढले. "बुलेटला बसते," तो म्हणाला. ते खरोखरच बसले. त्याबरोबर त्याने नवी केबलही बसवून दिली. आता काटा अगदी स्थिर राहू लागला. जुने मीटर आणि जुनी केबल मी एका पिशवीत घालून कपाटात ठेवून दिली.

महिनाभराने मी वहीत हिशोब केला. पूर्वी गाडी एका लिटरमध्ये सुमारे ३५ किलोमीटर जात असे. आता हिशोब २९ चा येऊ लागला. मला वाटले, कार्बुरेटर बिघडला. मिस्त्रीकडून तो दोनदा साफ करून घेतला. पैसे गेले, फरक काही पडला नाही.

त्यानंतर एके दिवशी मी अब्बांना मागे बसवून धुळ्याला निघालो. मुंबई-आग्रा महामार्ग लागण्यापूर्वी एका वळणावर अचानक एक ट्रॅक्टर आडवा आला. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी घसरत घसरत ट्रॅक्टरच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. माझी छाती धडधडू लागली. काटा तर ४० च दाखवत होता. मग गाडी इतकी पुढे का गेली? अब्बा काहीच बोलले नाहीत. थोडे पुढे गेल्यावर त्यांनी विचारले,

"बेटा, आता किती वेग आहे?"

"पन्नास, अब्बा."

"हा आवाज पन्नासचा नाही," ते म्हणाले. "साठचा आहे. वेग असाच ठेव. कमी-जास्त करू नकोस."

मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरले. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरच्या दगडाचा हिरवा. एक दगड गेला तेव्हा अब्बांनी सेकंद मोजायला सुरुवात केली. दुसरा दगड आला तेव्हा बरोबर ६० सेकंद झाले होते.

एका तासात ३६०० सेकंद असतात. ३६०० ला मोजलेल्या सेकंदांनी भागले, की ताशी वेग मिळतो. एक किलोमीटर जायला ९० सेकंद लागले, तर वेग ४०. ७२ सेकंद लागले, तर ५०. आणि ६० सेकंद लागले, तर वेग ६०. तुम्हांलाही मीटर असे तपासता येईल. मात्र घड्याळ मागे बसणाऱ्याने पाहावे. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरच हवी.

म्हणजे काटा ५० दाखवत होता, तेव्हा आम्ही ६० ने जात होतो. ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा ४० च्या जागी वेग ४८ होता. फरक फक्त ८ चा, असे तुम्ही म्हणाल. पण ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४८ हे ४० च्या १.२ पट आहेत. १.२ गुणिले १.२ म्हणजे १.४४. जे अंतर दहा मीटर असायला हवे होते, ते चौदा मीटरांच्याही वर गेले. थरथरणाऱ्या काट्यावर मी कधी भरवसा ठेवला नव्हता. या स्थिर काट्यावर मात्र डोळे मिटून ठेवला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ३९ वा नियम स्पीडोमीटरविषयी आहे. काट्याने खऱ्या वेगापेक्षा थोडे अधिक दाखवले तर हा नियम चालवून घेतो. कमी दाखवलेले मुळीच चालत नाही. त्याचे कारण मला त्या दिवशी ट्रॅक्टरच्या चाकाजवळ समजले.

आता हे मीटर काम कसे करते, ते पाहू. जुन्या मोटारसायकलीत चाकाच्या आसाजवळ एक लहान दातेरी चाक बसवलेले असते. काही गाड्यांत ते पुढच्या चाकाला असते, काही जुन्या गाड्यांत मागच्या. गाडीचे चाक फिरले, की ते फिरते आणि केबलमधली तार फिरवते. केबल मीटरपर्यंत जाते. तिथे तारेच्या टोकाबरोबर एक चुंबक फिरू लागतो. चुंबकावर ॲल्युमिनियमची एक वाटी उपडी बसवलेली असते. वाटी चुंबकाला कोठेही टेकत नाही.

ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. मग वाटी हलते कशी? फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत पाण्यातल्या भोवऱ्यासारखे लहान लहान वीजप्रवाह तयार होतात. या प्रवाहांमुळे वाटी चुंबकामागे ओढली जाते. तिला मोकळे सोडले, तर ती गरगर फिरत राहील. म्हणून केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. चुंबक जितका वेगाने फिरेल, तितकी वाटी अधिक वळते आणि तिच्यावर बसवलेला काटा पुढे सरकतो. या युक्तीचे पेटंट ओटो शुल्झे याने १९०२ साली घेतले. आज नव्या गाड्यांत चाकाजवळ सेन्सर असतो आणि वेग पडद्यावर आकड्यांत दिसतो. पण जुन्या गाड्यांवर शुल्झेची वाटी अजून वळतेच आहे.

गाडी एकूण किती किलोमीटर चालली, ते दाखवणारे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ते दातेरी चाकांनी फिरतात. केबल ठरावीक वेळा फिरली, की एक किलोमीटर पुढे. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण चोर पकडायला तोच उपयोगी पडला.

परत येताना आम्ही दगड मोजले. बारा किलोमीटरांत मीटरने दहाच मोजले. काटा ६० चे ५० सांगत होता आणि आकडे १२ चे १०. दोन्ही चुका एकाच प्रमाणात! चुंबक अशक्त झाला असता, तर फक्त काटा कमी दाखवता आणि आकडे बरोबर चालले असते. स्प्रिंग सैल पडली असती, तर काटा अधिक दाखवता. आकड्यांना तेव्हाही काही झाले नसते. दोघे एकाच प्रमाणात चुकतात, याचा अर्थ मीटर आणि केबल यांचा मेळ बसलेला नाही.

प्रत्येक मीटर केबलच्या ठरावीक फेऱ्यांसाठी बनवलेले असते. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीच्या जुन्या मीटरांवर बारीक अक्षरांत १६०० असा आकडा असे. केबल १६०० वेळा फिरली, की एक मैल झाला, असे ते मीटर समजते. समजा, तुमच्या गाडीची केबल एका किलोमीटरमध्ये १००० वेळा फिरते आणि तुम्ही १२०० फेऱ्यांचे मीटर लावले. मग ते सहा किलोमीटरांना पाच म्हणणारच. बाजारातले ते मीटर दुसऱ्या एखाद्या गाडीचे असावे. भोकात ते बसले होते, एवढेच खरे. मूळ मापाऐवजी लहान टायर घातल्यावरही मीटर चुकते. पण तेव्हा ते अधिक दाखवते, कारण लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घ्यावे लागतात.

माझा कार्बुरेटर बिचारा निर्दोष होता. ३५ किलोमीटरांना मीटर २९ म्हणत होते.

घरी येऊन मी जुनी पिशवी काढली. अब्बांनी जुन्या केबलमधली तार ओढून बाहेर काढली. ती कोरडी आणि गंजलेली होती, तिचे दोन-तीन पदर तुटलेले होते. कोरडी तार अडखळते, पिळ खाते आणि मग एकदम सुटते. म्हणून काटा थरथरतो. अब्बांच्या जुन्या मीटरला काहीही झाले नव्हते! बदलायची होती ती फक्त केबल आणि मी मीटरही बदलून बसलो होतो.

काटा मुळीच हलत नसेल, तर दोष शोधायची सोपी रीत आहे. मीटरच्या मागचा केबलचा नट सोडवावा. एकाने गाडी हळूहळू ढकलावी आणि दुसऱ्याने केबलच्या टोकाकडे पाहावे. तार फिरत असेल, तर दोष मीटरमध्ये. फिरत नसेल, तर तार ओढून पाहावी. ती तुटलेली नसेल आणि तिची चौकोनी टोके झिजलेली नसतील, तर चाकाजवळचे दातेरी चाक झिजले, असे समजावे.

केबलला तेलपाणी करतानाही सांभाळावे लागते. तार रॉकेलने धुऊन, पुसून, तिला ग्रीसचे पातळ बोट फिरवावे. मीटरकडचे वीतभर टोक कोरडेच ठेवावे. तिथे ग्रीस लावले, तर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढते, वाटी आणि चुंबक यांच्यामध्ये चिकटते आणि काटा भलताच पुढे पळतो. केबलला कोठे तीव्र वळणही देऊ नये.

बुलेटच्या हेडलाइटवर आणखी एक लहान मीटर असते, त्याला ॲमीटर म्हणतात. त्याचा काटा मध्यभागी शून्यावर उभा असतो. बॅटरीतून वीज बाहेर जात असेल, तर तो उणे बाजूला झुकतो. बॅटरीत वीज भरली जात असेल, तर अधिक बाजूला. अब्बा त्याचा आणखी एक उपयोग करत. चावी फिरवून ते किक अगदी हळू दाबत. काटा उणेकडे गेलेला असे, तो मध्यावर परतला, की किक थांबवत. पिस्टन वर आल्याची ती खूण. मग डिकम्प्रेसरचा खटका ओढून किक थोडी पुढे दाबायची, खटका सोडायचा आणि एकच जोरदार किक. गाडी सुरू! मला ही युक्ती साधायला दोन महिने लागले.

पण या मीटरमधून गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते. एका पावसाळी रात्री मनमाडहून येताना माझी गाडी एकदम बंद पडली. दिवाही गेला. मी अब्बांना फोन केला. "ॲमीटरच्या मागचा नट बघ," ते म्हणाले. नट खरोखरच सैल झाला होता. सैल जोड तापतो, काळा पडतो आणि तारेचे आवरणही वितळवू शकतो. हे काम करण्यापूर्वी बॅटरीची तार आधी सोडवावी. मग टोके घासून साफ करावीत आणि नट आवळावा.

काही लोक ॲमीटर काढून तिथे व्होल्टमीटर लावतात. ते चांगलेच, पण जोडणी बदलावी लागते. विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकलाच आहात : ॲमीटर एकसर जोडणीत, व्होल्टमीटर समांतर जोडणीत. ॲमीटरच्या दोन तारा व्होल्टमीटरला तशाच लावल्या, तर गाडी चालणार नाही. आणि ॲमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावला, तर तो जळून जाईल. प्रयोगशाळेत ही चूक दर वर्षी कोणीतरी करतेच! १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चांगले पळत असताना व्होल्टमीटरने साडेतेरा ते साडेचौदा दाखवावे. बाराच्या खाली उतरत राहिले, तर बॅटरी भरली जात नाही, असे समजावे.

जुने मीटर मी नव्या केबलसह पुन्हा बसवले. काचेत पाण्याची वाफ धरू नये, म्हणून कडेचे रबरी वळे तेवढे नवे घातले. बारा दगडांना आता ते बाराच मोजते.

संध्याकाळी अब्बांनी वही मागितली. मधल्या काळात गाडी जी चालली, ती जुन्या मीटरवर नोंदलेलीच नव्हती. "ते बाजारचे मीटर किती दाखवत होते?" त्यांनी विचारले.

"१४५० किलोमीटर," मी म्हणालो.

अब्बांनी चष्मा चढवला, कागदावर १४५० ला ६ ने गुणले, ५ ने भागले आणि वहीत उर्दूत लिहिले : मीटरच्या आकड्यात १७४० मिळवावेत.