महाराष्ट्रातील मेंढपाळांचे स्थलांतर आणि पाणीटंचाई

महाराष्ट्रातील मेंढपाळांचे स्थलांतर म्हणजे अवर्षणप्रवण भागातील मेंढपाळ कुटुंबांनी पाणी व चाऱ्यासाठी दरवर्षी ठरावीक ऋतूत, परिचित वाटांनी केलेली ये-जा होय. पश्चिम महाराष्ट्रात ही प्रथा प्रामुख्याने धनगर समाजातील हटकर शाखेत आढळते. पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत कुरमार मेंढपाळ आहेत. या कुटुंबांना एका जागी स्थिर करावे की त्यांच्या वाटा व पाणवठे सुरक्षित करावेत, हा पाणीटंचाईच्या संदर्भातील कळीचा प्रश्न मानला जातो.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीमुळे नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मोठा भाग कोकणात व घाटमाथ्यावर पडतो. कोकणात वर्षाला २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरपर्यंत उतरतो. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगलीतील जत व आटपाडी, सोलापुरातील सांगोला आणि पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांचा पूर्व भाग या पट्ट्यात येतात. येथील माळरानांवर पावसाळ्यात गवत येते. हिवाळा सरताना चारा व पाणी दोन्ही आटतात.

वार्षिक चक्र

पावसाळ्यात मेंढपाळ मूळ गावी राहतात. कोकणातील मुसळधार पावसात व चिखलात मेंढ्यांना खुरांचे रोग होतात. त्यामुळे त्या काळात देशावरील कोरडी हवा व ताजे गवत सोयीचे ठरते. दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबे घाट उतरून कोकणात जातात, तर काही देशावरच नदीकाठच्या व बागायती भागांत फिरतात. मृगाच्या आधी सर्व जण परततात.

एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबांच्या समूहाला ‘वाडा’ म्हणतात. वाड्याचा कारभारी मुक्काम, वाट व शेतकऱ्यांशी होणारा व्यवहार ठरवतो. बिऱ्हाड घोड्यांवर लादले जाते. रात्री मेंढ्या ‘वाघर’ या जाळीच्या कुंपणात बसवतात. पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवल्याने जमिनीला लेंडीखत मिळते आणि त्याबदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम देतो. मेंढपाळाला शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी मिळण्याचा मार्गही बहुधा याच व्यवहारातून खुला होतो.

पाण्याची गरज

प्रौढ मेंढीला दिवसाला साधारणपणे ४ ते ६ लिटर पाणी लागते. हिरवा चारा असल्यास कमी आणि कडक उन्हाळ्यात अधिक. या हिशोबाने २०० मेंढ्यांच्या कळपाला रोज सुमारे १,००० लिटर पाणी हवे. दुष्काळी गावात एवढे पाणी महिनोन्‌महिने टँकरने पुरवणे अवघड असते. कळप चालत राहिला की हाच भार अनेक गावांत वाटला जातो आणि कोणत्याही एका पाणवठ्यावर वा कुरणावर ताण येत नाही. त्यामुळे स्थलांतर हीच या समाजाची पारंपरिक जलव्यवस्था ठरते.

या जीवनपद्धतीला दख्खनी मेंढी अनुरूप आहे. ती लांब चालते, निकृष्ट चाऱ्यावर तगते आणि तिच्या जाड लोकरीपासून घोंगडी विणली जाते. पावसाविषयीची समाजाची आस्था धार्मिक परंपरेतही दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत होणाऱ्या ‘भाकणुकी’त येत्या काळातील पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते.

वाटा आक्रसण्याची कारणे

टेंभू, म्हैसाळ व उरमोडी यांसारख्या सिंचन योजनांमुळे दुष्काळी तालुक्यांच्या काही भागांत पाणी पोहोचले. मात्र बारमाही ऊस, द्राक्षे व डाळिंबे यांच्या बागा वाढल्या की शेते मोकळी राहत नाहीत आणि मेंढ्या बसवण्याचे दिवस घटतात. म्हणजेच गावात पाणी आले, तरी मेंढपाळाची जागा कमी होऊ शकते.

पाणलोट विकासातही असाच पेच आढळतो. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार यांसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारून उजाड डोंगर हिरवे केले. तथापि, चराईबंदीचा निर्णय गावातील रहिवासी घेतात. ऋतूनुसार येणारा मेंढपाळ त्या सभेत नसतो. गायरानांवरील अतिक्रमणे, वनक्षेत्रातील चराईवरील निर्बंध आणि रुंद झालेले महामार्ग ही वाटा आक्रसण्याची अन्य कारणे होत.

बदलते हवामान

१९७२, २०१२-१३ व २०१८-१९ या दुष्काळांत चारा व पाण्याची तीव्र टंचाई झाली. चारा छावण्यांची रचना मुख्यतः गाई-म्हशींना धरून होत असल्याने फिरत्या कळपांना त्यांचा लाभ घेणे कठीण जाते. दुसरे संकट अवकाळी पावसाचे आहे. डिसेंबर २०२१ च्या आरंभी पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सातारा जिल्ह्यांत थंडीत पाऊस झाला आणि उघड्यावरील मेंढ्या गारठून मोठ्या संख्येने दगावल्या. त्यामुळे पाण्याइतकीच तात्पुरत्या निवाऱ्याचीही तरतूद आवश्यक ठरते.

पूर्व विदर्भ

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यापेक्षा पाऊस बराच अधिक पडतो. येथील अडचण पावसाची नसून साठवणीची आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याच्या हक्काची आहे. या भागात भातशेतीसाठी बांधलेले मालगुजारी तलाव (मामा तलाव) मोठ्या संख्येने आहेत. वैनगंगेलगतच्या सावली तालुक्यातील आसोलामेंढा हा ब्रिटिशकालीन तलाव मोठा असून तो गोसीखुर्द प्रकल्पाच्या उजव्या कालव्याशी जोडलेला आहे. १९५०-५१ मध्ये मालगुजारी रद्द झाल्यावर तलाव शासनाकडे आले. देखभालीअभावी अनेकांत गाळ साचला. गाळ काढल्यास सिंचनासोबत जनावरांसाठीही उन्हाळ्यात पाणी टिकू शकते.

विदर्भात गावकऱ्यांचे चराई, सरपण इत्यादी हक्क ‘निस्तार पत्रका’त नोंदलेले असतात; महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्याची तरतूद आहे. ही नोंद गावच्या रहिवाशांपुरती असल्याने फिरत्या मेंढपाळाचे स्थान अनिश्चित राहते. कच्छच्या शुष्क प्रदेशातून उंटांवर बिऱ्हाड लादून विदर्भात येणाऱ्या रबारी मेंढपाळांनाही ही मर्यादा लागू पडते.

कायदे व योजना

वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये स्थायी व स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा आणि भटक्या किंवा पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केला आहे. मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करताना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. सतत फिरणाऱ्या कुटुंबांना असा पुरावा जमवणे कठीण असते. राज्य शासनाच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत (२०१७) २० मेंढ्या व १ नर असा गट अनुदानावर दिला जातो. अशा योजनेतून कळप वाढतो. चराईची जागा व पाणवठा यांची सोय स्वतंत्रपणे करावी लागते.

अनुकूल वस्तीची रचना

मेंढपाळांची वस्ती दोन भागांची असते: पावसाळ्यातील मूळ गाव आणि आठ महिन्यांची वाट. नियोजनात दोन्हींचा विचार करताना पुढील घटक महत्त्वाचे ठरतात:

• एका दिवसाच्या चालीच्या अंतरावर विहिरीला किंवा तलावाला जोडलेले हौद आणि मुक्कामाच्या राखीव जागा.
• चराईबंदी ठरवताना कुरणांचे आळीपाळीने खुले व बंद भाग, आणि ग्रामसभेत मेंढपाळांचे म्हणणे ऐकण्याची सोय.
• अवकाळी पावसात उभारता येणारे हलके निवारे व वेळेवर हवामानाचा इशारा.
• निघण्यापूर्वी आंत्रविषार, पीपीआर इत्यादी रोगांचे लसीकरण आणि वाटेवर पशुवैद्यकीय सेवा.
• मूळ गावी वसतिगृह, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणि कोणत्याही गावी धान्य देणारी शिधापत्रिका.

स्पेनमध्ये मेंढपाळांच्या जुन्या वाटांना १९९५ च्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता म्हणून संरक्षण दिले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. महाराष्ट्रातील वाटांची गावनिहाय नोंद झाल्यास पाणवठे व मुक्कामाच्या जागा राखण्याला कायदेशीर आधार मिळू शकतो.