मामाने दिलेली अंगठी

'खुनी कोण?' हा प्रश्न शेवटपर्यंत ताणून धरला की रहस्यपट झाला, असा एक समज आहे. आल्फ्रेड हिचकॉकचा 'शॅडो ऑफ अ डाउट' (१९४३) त्या समजात बसत नाही. पहिल्या काही मिनिटांतच आपण पाहतो : भाड्याच्या खोलीत एक देखणा माणूस पलंगावर पडला आहे, हातात सिगार, नोटा जमिनीवर विखुरलेल्या आणि बाहेर दोन माणसे त्याच्यावर पाळत ठेवून. हा माणूस धड नाही, एवढे तेव्हाच समजते. त्यांना चुकवून तो कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा या लहान गावी, बहिणीकडे जायला निघतो.

तो चार्ली. इंग्रजीत त्याला नुसते 'अंकल' म्हणतात आणि त्या शब्दात काका, मामा, मावशीचा नवरा असे सगळेच येतात. पण तो मामा आहे, हे आपण मराठी प्रेक्षकांनी विसरू नये. एमा न्यूटन ही त्याची थोरली बहीण. थोरल्या मुलीचे नावही तिने या लाडक्या भावावरूनच ठेवलेले. म्हणजे या घरात जो येतो आहे तो नुसता पाहुणा नाही, ते एमाचे माहेर आहे. हा चित्रपट समजून घ्यायची किल्ली मला तरी इथेच सापडते.

पटकथेसाठी हिचकॉकने थॉर्नटन वाइल्डरला बोलावले. 'अवर टाउन' (१९३८) हे छोट्या अमेरिकन गावाच्या रोजच्या जगण्याचे नाटक त्याचेच. गावाची नस ठाऊक असलेला लेखक हवा होता. (सॅली बेन्सन आणि हिचकॉकची पत्नी आल्मा रेव्हिल यांचीही नावे श्रेयनामावलीत आहेत.) चित्रीकरणासाठी मंडळी प्रत्यक्ष सांता रोझात गेली, त्या काळाच्या मानाने हे विशेषच. तिथली एक गंमत हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला सांगितली आहे. निवडलेल्या घराचा मालक इतका हरखला की त्याने घराला ताजा रंग काढून ठेवला. मग चित्रपटवाल्यांना ते पुन्हा मळकट करून घ्यावे लागले.

घरात बँकेत नोकरी करणारे वडील, आई, तीन मुले. थोरली चार्ली (टेरेसा राइट) कंटाळलेली. काहीतरी घडावे, मामा यावा, म्हणून ती तार करायला जाते, तर त्याची तार आधीच आलेली. हिचकॉक तिलाही पहिल्यांदा पलंगावर पडलेलीच दाखवतो. मामा-भाची एकाच साच्यातली, असे ती अभिमानाने सांगत असते. मामाची (जोसेफ कॉटन) गाडी फलाटात शिरते ती काळाकुट्ट धूर ओकत, आणि तो सगळ्यांसाठी भेटी घेऊन उतरतो.

भाचीच्या वाट्याला पाचूची अंगठी येते. आतल्या बाजूला कुणा दुसऱ्यांचीच आद्याक्षरे कोरलेली. पुढे मामाने वर्तमानपत्राचे एक पान फाडून लपवले, हे तिच्या ध्यानात येते. रात्री वाचनालय बंद होता होता ती तिथे पोचते, तो अंक काढते. श्रीमंत विधवांना गळा दाबून मारणाऱ्याची बातमी. मृत स्त्रीच्या नवऱ्याचे नाव आणि अंगठीतली अक्षरे जुळतात. कॅमेरा वर वर जातो आणि खाली मुलगी एवढीशी होते. हिचकॉकने इथे किंकाळी ठेवली नाही, हे फार बरे केले.

खरा ताण यानंतर सुरू होतो. मुलीला सत्य कळले, आता ते सांगायचे कुणाला? पोलिसांना सांगावे तर आईचा जीव जाईल. ती मामाला फक्त निघून जायला सांगते. तो जात नाही. मागच्या जिन्याची पायरी मोडते, गॅरेजमध्ये मोटारीचा धूर कोंडतो. बाहेर वडील आणि शेजारचा हर्बी मात्र माणूस सफाईने कसा मारावा यावर चवीने गप्पा मारत असतात! मामाच्या विकृतीचे कारण म्हणून लहानपणी सायकलवरून पडून डोक्याला झालेली इजा सांगितली जाते. मला ते लंगडे वाटते. विधवांविषयीचा त्याचा तिरस्कार जेवणाच्या टेबलावर इतक्या थंडपणे बाहेर येतो की त्यानंतर कारणाची गरजच उरत नाही.

शेवटी भाची ती अंगठी बोटात घालून, सगळ्या पाहुण्यांसमोर जिना उतरते. मामाची नजर तिच्या हातावर जाते आणि हातातला पेला तसाच धरून तो जाहीर करतो, की उद्या निघतो. एमाला रडू कोसळते. लग्न झाले, संसार झाला, की आपण मूळच्या कोण होतो हे बाईला विसरायला होते, अशा अर्थाचे ती काही बोलते. पॅट्रिशिया कॉलिंज या अभिनेत्रीने हा प्रसंग असा केला आहे की खुन्याच्या चित्रपटात आपण बसलो आहोत हे क्षणभर विसरते. भाऊ गेला म्हणजे तिचे माहेर गेले. मुलगी हे ऐकत उभी.

दुसऱ्या दिवशी मामा तिला गाडीतून ढकलू पाहतो आणि झटापटीत स्वतःच समोरून येणाऱ्या गाडीखाली पडतो. गाव त्याला थाटात निरोप देते. चर्चमधून त्याच्या चांगुलपणाचे गोडवे ऐकू येतात. बाहेर दारापाशी चार्ली पोलीस अधिकाऱ्याशी हळू आवाजात बोलत असते. त्या घरात हे ठाऊक असलेली ती एकटीच. आईला कुणी काही सांगितलेले नाही.