गाडी आणि आपण – भाग 9
टायर घेताना आधी रस्ता सांगा

गेल्या आठवड्यात आपण ब्रेक पाहिले. ब्रेक चाक थांबवतात, पण गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. ही पकड म्हणजे चारही चाकांखाली रस्त्याला टेकलेला, प्रत्येकी तळहाताएवढा रबराचा भाग. तरीही दुकानात बोलणं सुरू होतं ते कंपनी आणि किमतीपासून. वर्षानुवर्षं गाडी चालवणारी माणसं मात्र आधी रस्ता सांगतात: कुठे चालवतो, किती वेगाने, किती माणसं घेऊन.

घाटातला पाऊस

आंबा, कुंभार्ली, आंबोली अशा घाटांतून रोज जाणारे चालक मे महिन्यातच टायर बदलून घेतात. कारण साधं आहे. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. त्या उथळ झाल्या की वेगात टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो, गाडी त्यावर तरंगते आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी ठरतात. नव्या टायरच्या खाचा साधारण 7 ते 8 मिलिमीटर खोल असतात. कायद्याने कारसाठी किमान 1.6 मिलिमीटर लागतात. खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी दिसते, तिची उंची तेवढीच असते. नक्षी तिच्या पातळीला आली की टायर संपला. पण कोकणातल्या पावसासाठी तिथवर थांबू नका, 3 मिलिमीटर उरले की बदला.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर बहुतेक जण ते पुढे लावतात. टायर उत्पादकांचा सल्ला उलटा आहे: नवे मागे लावा. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते, वेग कमी केला की बऱ्याचदा सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

सिमेंटचा उन्हाळा

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, सिमेंट काँक्रीटचा. कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा 2023 मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्यांना या मार्गावर जाऊ न देण्याची मोहीम घेतली.

या रस्त्याबद्दल एक सल्ला सर्रास दिला जातो: "उन्हात हवा वाढते, म्हणून दोन-चार पॉइंट कमीच ठेवा." हा सल्ला घातक आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या दबण्यातूनच उष्णता तयार होते. वर पाच माणसं, सामान आणि तासन् तास एकच वेग. आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. गाडी तापल्यावर हवा थोडी वाढणारच. हे गृहीत धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. तो बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, भरलेल्या गाडीचा वेगळा. हवा थंड टायरमध्ये भरा आणि गरम टायरमधली कधीही सोडू नका. नायट्रोजन भरला तरी तपासणी टळत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

खड्डे आणि रुंद टायरचा मोह

185/65 आर 15 या टायरची बाजूची भिंत सुमारे 120 मिलिमीटर उंच असते. 205/50 आर 16 घेतला, तर ती 102 वर येते. गाडी रुबाबदार दिसते, पण खड्ड्याचा मार झेलायला उशी कमी राहते. मग भिंतीवर फुगा येतो किंवा रिम वाकते. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच. खराब रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी कंपनीने दिलेलं माप सोडू नये.

दुकानात काय पाहायचं?

टायरवरचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे टायर 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. कमी फिरणाऱ्या गाडीची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. दहा वर्षं झाली, तर दिसायला कितीही चांगला असला तरी टायर काढा. ऑक्टोबर 2022 पासून नव्या डिझाइनच्या टायरना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा त्याबद्दल दुकानदाराला जरूर विचारा.

महागडा टायर चुकीच्या हवेवर चालवला, तर पैसेही जातात आणि भरवसाही. या रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, पाचही टायरची हवा तपासा. पाचवा म्हणजे स्टेपनी.

(पुढील आठवड्यात : वायपर, काच आणि पावसातली नजर)